दुपारी तीनच्या आत

१९ नोव्हेंबर २०२४. विधानसभेचे मतदान दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी आमच्या पालघर जिल्ह्यात बातम्यांना तोटा नव्हता. विरारच्या एका हॉटेलातल्या गोंधळाने सगळे चॅनेल दिवसभर व्यापले होते, त्यामुळे डहाणूची बातमी बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. डहाणूचे बहुजन विकास आघाडीचे उमेदवार सुरेश पाडवी यांनी मतदानाला एक दिवस उरला असताना भाजपमध्ये प्रवेश केला आणि भाजपचे उमेदवार विनोद मेढा यांना पाठिंबा दिला.

संध्याकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. मी नागरिकशास्त्र शिकवायचो हे नातेवाईक एरवी विसरतात, निवडणुका आल्या की बरोबर आठवते! आता यांचे नाव यंत्रावरून काढणार का? नाव राहिले आणि कोणी बटण दाबले तर ते मत बाद का? त्यांच्या जागी आघाडी दुसरा उमेदवार देऊ शकते का? आणि समजा, चुकून तेच निवडून आले तर?

उत्तरे छोटी आहेत. नाव काढता येत नाही. मत बाद होत नाही, रीतसर मोजले जाते. दुसरा उमेदवार देता येत नाही. आणि सर्वाधिक मते पडली तर तेच आमदार. कारण कायद्याच्या दृष्टीने १९ तारखेला डहाणूत माघार अशी घडलीच नव्हती. एका उमेदवाराने दुसऱ्याला मत द्या म्हणून सांगितले, इतकेच घडले होते. माघारीची वेळ ४ नोव्हेंबरला दुपारी तीन वाजता संपली होती.

(डहाणूत शेवटी माकपचे विनोद निकोले पुन्हा निवडून आले. मेढांपेक्षा त्यांना पाचएक हजार मते जास्त होती. एवढ्या थोडक्या फरकाच्या लढतीत एकाने आदल्या दिवशी बाजू बदलणे म्हणजे काय हे सांगायला नको.)

छोट्या उत्तरांनी मंडळींचे समाधान झाले नाही आणि खरे तर माझेही नाही. ही तीन वाजताची रेघ आली कुठून, ती कायम तिथेच होती का, आणि तिच्या अलीकडे पलीकडे काय काय चालते, यावर सवडीने लिहायचे ठरवले होते. आज मुहूर्त लागला.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा. त्यातले ३७ वे कलम माघारीचे. अधिसूचना निघाली की अर्ज भरायला सात दिवस, दुसऱ्या दिवशी छाननी, छाननीनंतर दोन दिवसांनी माघारीचा शेवटचा दिवस. तो दिवस सुट्टीचा असेल तर पुढचा कामाचा दिवस. २०२४ मध्ये छाननी ३० ऑक्टोबरला झाली आणि मध्ये दिवाळी आली म्हणून माघार ४ नोव्हेंबरपर्यंत लांबली. त्यामुळे त्या वर्षी बंडखोरांची मनधरणी ऐन दिवाळीत चालली. फराळाचे ताट पुढे आणि चर्चा अर्ज मागे घेण्याची! माघारीची सूचना लेखी द्यावी लागते. उमेदवाराने स्वतः द्यावी, नाहीतर त्याच्या लेखी अधिकाराने त्याच्या सूचकाने किंवा निवडणूक प्रतिनिधीने. दुपारी तीनच्या आत. आणलेली सूचना खरी आहे ना, आणणारा माणूस तोच आहे ना, याची खात्री निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने करायची आणि ती कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावायची. आणि एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही. सकाळी रागाच्या भरात अर्ज मागे घेतला, दुपारी पक्षाध्यक्षांचा फोन आला, तरी उपयोग नाही. दोन्ही बाजूंनी दार बंद.

तीन वाजले की उरलेल्यांची यादी लागते, चिन्हे वाटली जातात आणि नावे छापायला जातात. इथून पुढे कमीत कमी चौदा दिवसांनी मतदान. (१९९६ पूर्वी ही मुदत वीस दिवसांची होती.) मला या कलमाचा अर्थ असा लागतो, की तीन वाजेपर्यंत उमेदवाराचे नाव त्याच्या स्वतःच्या मालकीचे असते. तीननंतर ते मतदाराच्या मालकीचे होते. आता त्या नावाला मत द्यायचे की नाही हे मतदार ठरवणार. ज्याचे नाव आहे त्याला ते खोडायचा अधिकार उरत नाही.

पण नेहमीच असे नव्हते. इथे थोडा इतिहास सांगतो, कारण तो फारसा कोणाला ठाऊक नसतो.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आजच्यासारखी नावांची मतपत्रिका नव्हती. मतदान खोलीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. बैलजोडीची पेटी, झोपडीची पेटी, कणीस-विळ्याची पेटी. मतदाराच्या हातात एक रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका द्यायची. तिच्यावर खूण करायची नाही, शिक्का मारायचा नाही, आडोशाला जाऊन आपल्या आवडीच्या पेटीत टाकायची. देश बहुतांशी निरक्षर, त्यावर काढलेली ही युक्ती. या लोखंडी पेट्या लाखांच्या संख्येने आपल्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या होत्या. १९५७ लाही हीच पद्धत. तेव्हा आमचा ठाणे लोकसभा मतदारसंघ दोन सदस्यांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक आदिवासींसाठी राखीव. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लाटेत शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू मातेरा असे दोघेही कम्युनिस्ट निवडून आले. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले.

आता गंमत पाहा. १९५६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५५-अ हे कलम आले. माघारीचा दिवस उलटून गेल्यावरही उमेदवाराला लढतीतून 'निवृत्त' होण्याची सोय त्यात होती. मतदानाच्या दहा दिवस आधीपर्यंत, सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळात नोटीस द्यायची आणि बाजूला व्हायचे. म्हणजे १९५७ च्या निवडणुकीत दोन दारे होती, एक माघारीचे आणि दुसरे निवृत्तीचे. पेटीच्या जमान्यात हे जमण्यासारखेही होते. चार पेट्या मांडायच्या त्या ठिकाणी तीन मांडायच्या, एक कोठारात ठेवून द्यायची. छापलेले काही बदलायला लागत नव्हते.

हे ५५-अ फार टिकले नाही. १९५८ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. एकाच सार्वत्रिक निवडणुकीपुरते त्याचे आयुष्य. पुढे १९६२ ला देशभर सर्व उमेदवारांची नावे आणि चिन्हे एकाच कागदावर असलेली, शिक्का मारायची मतपत्रिका आली. कलम जाणे आणि कागद येणे हे पाठोपाठ घडले, एवढेच मी म्हणेन. पण कागद आल्यावर ते कलम असते तर काय घोटाळा झाला असता याची कल्पना करता येते. मतपत्रिका छापून गठ्ठे बांधून तालुक्याला आलेल्या, आणि त्यातला एक जण म्हणणार की मी निवृत्त! मग काय लाखभर कागदांवर त्याच्या नावावर काट मारायची?

मतपत्रिकेच्या काळात आम्हा शिक्षकांना निवडणुकीची ड्यूटी ठरलेली. केंद्राध्यक्ष म्हणून मी आमच्या भागातल्या डोंगराकडच्या पाड्यांवरही गेलो आहे आणि खाडीकाठच्या गावांतही. एका निवडणुकीत आदल्या रात्री गावात आवई उठली होती, की अमुक चिन्हावाला बसला. खरे खोटे देव जाणे. सकाळी एक म्हातारी मतपत्रिका हातात घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आली आणि त्या चिन्हावर बोट ठेवून म्हणाली, "गुरुजी, हा हाय का गेला?" केंद्राध्यक्षाने मतदाराला कोणत्याही उमेदवाराविषयी काहीही सांगायचे नसते. मी म्हटले, "आजी, कागदावर जे आहेत ते सगळे आहेत." ती दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली, मग आडोशाला गेली. तिने शिक्का कुठे मारला ते अर्थातच मला माहीत नाही. कायद्याचे एवढे नेमके उत्तर मला पुन्हा कधी सुचले नाही, असे मात्र वाटते.

मुख्य मुद्दा रिकाम्या जागेचा. उमेदवार गेला तर त्याची जागा भरायची कशी?

पक्षांसाठी यात एक सोय आहे. सगळे ज्याला एबी फॉर्म म्हणतात, त्यातल्या बी फॉर्मवर पक्ष दोन नावे देऊ शकतो, एक अधिकृत उमेदवार आणि दुसरा पर्यायी. बोलीभाषेत डमी. अधिकृत उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला किंवा त्याने माघार घेतली तर पर्यायी माणूस पक्षाच्या चिन्हावर उभा राहतो, मात्र तोपर्यंत त्याचा स्वतःचा अर्ज जिवंत असायला हवा. या 'जिवंत' शब्दात सगळी मेख आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, बाकीच्यांना दहा लागतात. डमी बहुधा एकच सूचक घेऊन अर्ज भरतो. मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत मंजूर झाला की डमी पक्षाचा उमेदवार राहत नाही, मग एका सूचकावर त्याचा अर्ज टिकत नाही आणि तो तिथेच बाद होतो. म्हणजे डमीचा उपयोग छाननीपर्यंत. छाननी ते माघार या दोन दिवसांत मुख्य उमेदवार उठून गेला, तर पक्षाकडे कोणी उरलेले नसते. डमीलाही दहा सूचक घेऊन अर्ज भरायला लावणारे पक्ष शहाणे म्हणायचे.

ही सोय कशी कामी येते याचा नमुना २०२४ च्या लोकसभेला रामटेकमध्ये दिसला. काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचे जात वैधता प्रमाणपत्र रद्द झाले आणि २८ मार्चला छाननीत त्यांचा अर्ज बाद झाला. पर्यायी उमेदवार म्हणून त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचे नाव दिलेले होते. ते उभे राहिले आणि निवडून आले. फॉर्मवरची एक ओळ, पण तिने एका पक्षाला अख्खी लोकसभेची जागा राखून दिली.

आणि सोय कामी येत नाही तेव्हा काय होते ते त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला कोल्हापूर उत्तरमध्ये दिसले. काँग्रेसने आधी राजेश लाटकर यांचे नाव जाहीर केले, मग विरोध झाला म्हणून ते बदलून मधुरिमाराजे छत्रपती यांना उमेदवारी दिली. लाटकर अपक्ष म्हणून रिंगणात राहिले. शेवटच्या दिवशी, तीन वाजायला थोडा वेळ असताना मधुरिमाराजेंनी स्वतःचाच अर्ज मागे घेतला. झाले! ज्या कोल्हापुरात काँग्रेसची एवढी ताकद, तिथल्या मतदान यंत्रावर हाताचा पंजाच नाही. पक्षाने शेवटी ज्याला नाकारले होते त्याच लाटकरांना पाठिंबा दिला, त्यांचे चिन्ह प्रेशर कुकर. निवडून आले शिंदे शिवसेनेचे राजेश क्षीरसागर. पंजावर मत द्यायची सवय असलेल्या मतदाराने त्या दिवशी काय करायचे? पक्षांतर्गत रुसव्याफुगव्यांची किंमत त्याने मोजली.

माघार न घेताही जागा रिकामी करता येते, तो धडा जानेवारी २०२३ मध्ये नाशिक पदवीधर मतदारसंघात मिळाला. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार डॉ. सुधीर तांबे यांनी अर्जच भरला नाही, चिरंजीव सत्यजीत यांनी अपक्ष म्हणून भरला आणि ते निवडून आले. असो.

मृत्यूचा नियम वेगळा आहे, आणि तो मला अधिक विचारात पाडतो.

जुन्या कायद्यात रिंगणातला कोणताही उमेदवार मतदानापूर्वी वारला की त्या मतदारसंघाची निवडणूक रद्द होई आणि सगळी प्रक्रिया नव्याने सुरू होई. दहा अपक्षांतला एक गेला तरीही. माणुसकीच्या दृष्टीने ठीक वाटते, पण त्याचा भयंकर अर्थ काहींच्या लक्षात आला. निवडणूक होऊ द्यायची नसेल तर एक उमेदवार मारला की पुरे, आणि अपक्षाला ना संरक्षण ना कार्यकर्ते. पंजाबात १९९१ साली प्रचाराच्या काळात अतिरेक्यांनी वीसहून अधिक उमेदवारांचे बळी घेतले, आणि शेवटी मतदानाच्या आदल्या दिवशी तिथली सगळी निवडणूकच पुढे ढकलावी लागली. त्या दशकात कायदा बदलला. १९९६ च्या दुरुस्तीपासूनचा नियम असा, की मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार वारला तरच मतदान पुढे ढकलायचे, त्या पक्षाला नवा उमेदवार द्यायला सात दिवस द्यायचे आणि बाकीच्यांनी पुन्हा अर्ज भरायचे नाहीत. अपक्ष वारला तर मतदान ठरल्या दिवशीच.

२०२४ मध्ये आपल्या अमरावती जिल्ह्याला लागून असलेल्या बैतूलमध्ये असे झाले. तापी जिथे उगम पावते ते मुलताई याच जिल्ह्यातले, आणि मराठी बोलणारी पुष्कळ घरे त्या बाजूला आहेत. ९ एप्रिलला बहुजन समाज पक्षाचे उमेदवार अशोक भलावी यांचे निधन झाले. २६ एप्रिलचे मतदान ७ मेला गेले, पक्षाने त्यांच्या मुलाला उभे केले. तो जिंकला नाही. पण त्या पक्षाच्या मतदाराला त्याचे चिन्ह यंत्रावर मिळाले आणि त्या चिन्हासमोर जिवंत माणसाचे नाव मिळाले.

अमेरिकेतल्या भाच्याला हे सांगितले तर तो हसून म्हणाला, "मामा, आमच्याकडे मेलेला माणूस निवडून येतो." खरे आहे. २००० साली मिसुरी राज्याचे गव्हर्नर मेल कार्नाहन सिनेटची निवडणूक लढवत असताना १६ ऑक्टोबरला विमान अपघातात गेले. मतपत्रिका बदलायची मुदत संपली होती. नाव तसेच राहिले आणि तेच निवडून आले. मग त्या जागी त्यांच्या पत्नीची नेमणूक झाली. उलट दोन वर्षांनी न्यू जर्सीत रॉबर्ट टोरिचेली यांनी मतदानाला महिनाभर उरला असताना माघार घेतली, मुदत उलटून गेलेली, तरी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पक्षाला नवे नाव देऊ दिले. त्यांचे म्हणणे, मतदारापुढे खरी निवड असणे मुदतीपेक्षा महत्त्वाचे. भाच्याला हा न्याय पटतो. मला पटत नाही. हरतोय असे दिसले की उमेदवार बदलायचा, असा पायंडा पडला तर आपल्याकडचे पक्ष काय करतील हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "तुमचा पक्षांवर फारच विश्वास नाही." चाळीस वर्षे निवडणुकीच्या ड्यूट्या केल्यावर विश्वास मतदारावर राहतो, पक्षांवर कमी, हे त्याला फोनवर कुठे समजावत बसू?

आतापर्यंत सांगितले ते रेघेच्या पलीकडचे आणि रेघेवरचे. खरा खेळ मात्र अलीकडे, तीन वाजायच्या आधी चालतो. एक सोडून सगळ्यांनी माघार घेतली की निवडणूक संपली, ५३ व्या कलमानुसार उरलेला बिनविरोध निवडून आला. मतदान नाही.

बिनविरोध म्हणजे वाईटच असे मी म्हणत नाही. १९६२ च्या चीन युद्धात यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. त्या वेळचे वातावरण ज्यांनी पाहिले ते अजूनही आदराने सांगतात. गावात भांडण नको म्हणून ग्रामपंचायत बिनविरोध करणारी शहाणी गावेही आहेत.

पण बिनविरोधचा बाजारही आहे. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन गावांची ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली. का? तर जागांचा चक्क लिलाव झाला होता. उमराण्यात बोली २ कोटी ५ लाखांची, खोंडामळीत ४२ लाखांची. पैसे देवळासाठी म्हणे! देवाचे नाव घेतले की सगळे खपते असे वाटले असावे. उमेदवाराला माघार घ्यायला पैसे देणे आणि त्याने ते घेणे ही दोन्ही कायद्याने लाचच आहे. १९५१ च्या कायद्याच्या १२३ व्या कलमात ते स्पष्ट लिहिले आहे. सिद्ध करणे कठीण, कारण देणारा बोलत नाही आणि घेणारा तर नाहीच नाही.

सुरतेत २०२४ मध्ये काँग्रेसचे नीलेश कुंभाणी यांच्या सूचकांनी सह्या आमच्या नाहीत म्हणून सांगितले. त्यांचा अर्ज बाद. पर्यायी उमेदवाराचाही तसाच बाद. रामटेकला ज्या ओळीने तारले ती इथे उपयोगी पडली नाही. उरलेल्या सगळ्यांनी २२ एप्रिलला माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल मतदानाशिवाय खासदार झाले. लाखो मतदारांच्या शहरात यंत्र लागलेच नाही. आठवड्याने इंदूरला काँग्रेसचे अक्षय बम यांनी शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. तिथे मात्र बाकीचे उमेदवार टिकून राहिले म्हणून मतदान झाले, आणि २ लाख १८ हजार ६७४ मतदारांनी नोटाचे बटण दाबले. होळकरांच्या इंदूरने निदान नाराजी मोजून दाखवली. सुरतेला ती संधीही नव्हती.

आपल्याकडे अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक याच जातीची. ३ नोव्हेंबर २०२२ ला मतदान. आमदार रमेश लटके यांच्या निधनाने जागा रिकामी झालेली, त्यांच्या पत्नी ऋतुजा उभ्या. भाजपच्या मुरजी पटेल यांनी १७ ऑक्टोबरला माघार घेतली. बाकीचे छोटे उमेदवार राहिले म्हणून मतदान झाले. ऋतुजाताईंना ६६,५३० मते, आणि दुसऱ्या क्रमांकावर कोण? नोटा, १२,८०६. त्यात कोणाची चिथावणी होती नव्हती यावर तेव्हा भरपूर वाद झाला. मला त्यात रस नाही. ज्याला समोर मनासारखा उमेदवार दिसत नव्हता त्याच्यासाठीही यंत्रावर एक बटण होते, एवढेच मी पाहतो.

हे बटण २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आले. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मते पडली तर तिथे फेरनिवडणूक घ्यायची, असा आदेश काढला. चांगला आदेश. पण त्यासाठी आधी मतदान व्हायला हवे. एकच उमेदवार उरला तर नोटा कुठे उभा राहणार? एकट्या उमेदवारालाही नोटाशी लढायला लावा, अशी मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली आहे. मला ती मागणी रास्त वाटते. माघारीची मुदत वाढवा, उमेदवार बदलू द्या, असल्या सुधारणा नकोत. रेघ आहे तिथेच राहू द्या. फक्त रेघेच्या अलीकडे सगळ्यांना बाजूला करून ज्याने मैदान मोकळे केले, त्याला मतदारापुढे एकदा उभे करा.

आता अगदी अलीकडचे. २ डिसेंबर २०२५ ला राज्यभर नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे मतदान होते. आमच्या जिल्ह्यात पालघर, डहाणू, जव्हार आणि वाडा. मतदान तोंडावर आले असताना आयोगाने काही ठिकाणची पूर्ण निवडणूक आणि बऱ्याच ठिकाणच्या एक-दोन जागा २० डिसेंबरवर ढकलल्या. लोक चिडले, मुख्यमंत्र्यांनीही जाहीर नापसंती दाखवली. कारण काय होते? अर्ज बाद झालेल्या काही उमेदवारांनी न्यायालयात अपील केले होते आणि त्याचा निकाल उशिरा लागला. निकालानंतर माघारीसाठी नियमाप्रमाणे मिळायला हवे होते ते दिवस न देताच चिन्हवाटप उरकले गेले. म्हणजे उमेदवाराला माघार घ्यायला कायद्याने दिलेला वेळ मिळाला नाही, म्हणून मतदानच थांबवले! पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडची मतमोजणी २१ डिसेंबरपर्यंत थांबवली. पेपरात यावर विनोद झाले. पण नियम बरोबर होता. माघारीचे दिवस हा उमेदवाराचा हक्क आहे, ते कमी करता येत नाहीत आणि वाढवताही येत नाहीत.

आणि महिन्याच्या आत महापालिकांच्या निवडणुका आल्या. उमेदवारांनी हा हक्क असा काही बजावला, की मतदानापूर्वीच राज्यभरात पन्नासहून जास्त नगरसेवक बिनविरोध झाले. माघारी कोणाच्या दबावाने झाल्या का, कोणी आमिष दाखवले का, याचे अहवाल आयोगाने मागवले. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. चार जागांच्या प्रभागात एक जागा बिनविरोध झालेली असेल तर तिथल्या मतदाराने त्या दिवशी तीनच बटणे दाबली, चौथ्या जागेसाठी त्याला नोटाचेही बटण नव्हते.